घाडी डॉक्टरांचा डावा हात

उत्तम घाडी यांच्या नावामागे डॉक्टर लागतं, आणि त्याबद्दल कुणी शंका काढलेली त्यांना खपत नाही. कोपर स्टेशनच्या पश्चिमेला, एका मेडिकलच्या शेजारी, त्यांच्या बंद दवाखान्याची पाटी अजून लटकते आहे. पाटीवर 'डॉक्टर' हा शब्द लांबून दिसतो आणि होमिओपॅथीची पदवी वाचायला नाक पाटीला लावावं लागतं. दवाखाना चालला नाही. पेशंटला साबुदाण्यासारख्या गोळ्या द्यायच्या आणि स्वतःचं डोकं दुखलं की शेजारच्या मेडिकलमधून पेनकिलर घ्यायची, हा त्यांचा रिवाज मेडिकलवाल्याने सगळ्या गल्लीला सांगितला. त्यानंतर गोळ्या संपेनात.

मग ते ठाण्यात वर्तकनगरच्या एका हॉस्पिटलात सर्जन डॉ. परचुरे यांचे असिस्टंट झाले. ठाण्यापासून कल्याणपर्यंत जवळजवळ प्रत्येक हॉस्पिटलात असे एखादे घाडी डॉक्टर असतात. ते सलाइन लावतात, नातेवाइकांना धीर देतात, आणि मोठे सर ऑपरेशन करत असले की शेजारी उभे राहून जे धर म्हणतील ते धरतात. घाडी डॉक्टर कॅमेरा धरायचे. दुर्बिणीच्या ऑपरेशनात पोटाला तीन-चार भोकं पाडतात आणि त्यातल्या एकातून नळीच्या टोकाला लावलेला कॅमेरा आत सरकवतात. मग पोटाकडे कुणी बघत नाही, सगळे समोरच्या पडद्याकडे बघतात. हा कॅमेरा कुणीतरी हातात धरून सर्जनच्या हत्यारांमागे फिरवावा लागतो आणि बाकी सगळा वेळ पुतळ्यासारखा स्थिर ठेवावा लागतो. परचुऱ्यांच्या पद्धतीत असिस्टंटच्या उजव्या हातात पित्ताशय वर ओढून धरणारा चिमटा आणि डाव्या हातात कॅमेरा. कोपर हवेत, खांदा ताठ. तासभर, कधी त्याहून जास्त.

गावी, कणकवलीच्या पुढे, गणपतीला गेले की घाडी डॉक्टर पडवीत बसून सांगायचे, "मागच्या आठवड्यात आम्ही एक पित्ताशय काढलं. दगड होता नुसता, दगड!" या 'आम्ही'मध्ये परचुरे किती आणि घाडी किती, हे गावात कुणी विचारत नसे. गावाला ते ऑपरेशनवाले डॉक्टर होते. बायकोच्या माहेरीही तेच. पाटी, दवाखाना, पदवी सगळं गेल्यावर त्यांच्याकडे एवढंच उरलं होतं, की ऑपरेशनच्या टेबलापाशी त्यांची एक जागा आहे.

त्या हॉस्पिटलात आम्ही गेलो ते यंत्र घेऊन. आमच्या विद्यापीठात सर्जन आणि त्यांच्या टीमच्या पाठ-खांद्यांवर संशोधन चालू होतं. तासन्‌तास वाकून, हात उचलून उभं राहिल्याने या लोकांचे सांधे झिजतात, म्हणून अंगावर चढवायचा एक सांगाडा बनवायचा. खांद्यांवर पट्टे, कमरेला पट्टा, दंडाखाली स्प्रिंगचे दोन हात, आणि हात किती हलतो ते टिपणारे सेन्सर. स्प्रिंग दंडाला खालून उचलून धरते, म्हणजे स्नायूंवरचा भार हलका होतो. वर निर्जंतुक गाऊन घातला की आतलं काही दिसत नाही. कल्पना चांगली आहे. मी त्यावर दोन वर्षं काम केलंय आणि आजही सांगते, कल्पना चांगली आहे. माणसांबद्दल असं काही सांगता येणार नाही.

उदाहरणार्थ आमचे प्रमुख, डॉ. सुदेश वाघचौरे. उभं राहून काम करणाऱ्या लोकांवर त्यांचे अनेक शोधनिबंध आहेत. स्वतः त्यांनी उभं राहून केलेलं काम म्हणजे सत्काराची शाल घेणं. यंत्राला त्यांनी इंग्रजी आद्याक्षरांचं लांबलचक नाव दिलं होतं. थिएटरच्या नंदा सिस्टरनी पहिल्याच दिवशी ते हातात उचलून बघितलं आणि म्हणाल्या, "पोळ्याला बैलावर घालतात ती झूल." त्यानंतर सगळं हॉस्पिटल त्याला झूल म्हणू लागलं. सर सोडून.

डॉ. परचुरे यांनी परवानगी दिली ती शोधनिबंधावर त्यांचंही नाव येणार म्हणून. तसं त्यांनी लपवलंही नाही. पहिल्या दिवशी मी सगळ्यांना माणसाच्या आकृतीचे कागद वाटले आणि जिथे दुखतं तिथे खूण करा म्हटलं. कागद कोरे परत आले.

"आमच्या थिएटरात फक्त पेशंटला दुखतं," परचुरे म्हणाले, "आणि त्यालाही आम्ही भूल देतो."

सगळे हसले. सगळ्यात मोठ्याने घाडी हसले.

त्या थिएटरात एक प्रथा होती. पडद्यावरचं चित्र हललं किंवा कललं, की परचुरे ओरडायचे, "घाडी, वडे!" मग ऑपरेशन संपल्यावर घाडींनी सगळ्या थिएटरला कोपऱ्यावरच्या गाडीवरून वडे आणायचे. कुणी टेबलाला टेकलं, कुणी पाठ ताणली, कुणी 'आई गं' म्हटलं, तरी वडे. नवीन आलेल्या भूलतज्ज्ञ बाईंनी एकदा मान चोळली तर त्यांच्याकडूनही वसूल झाले होते. ही थट्टा होती असं सगळे म्हणत. वर्षानुवर्षं चाललेल्या या थट्टेने एका अख्ख्या थिएटरला 'दुखतंय' हा शब्द गिळायला शिकवलं होतं, आणि गिळलेल्या शब्दावर चटणी लावून ते मिटक्या मारत होते.

संशोधनात भाग घेणाऱ्यांना नियम वाचून दाखवावे लागतात. मी वाचत होते, "आपण कोणत्याही वेळी, कारण न देता, यातून बाहेर पडू शकता आणि आपली सर्व माहिती परत मागू शकता."

"लग्नात असं काही असतं तर बरं झालं असतं," घाडी म्हणाले. "आणि हे बघ मॅडम इंजिनिअर, मी आपला मदतीला म्हणून घालतो. मला याची गरज नाही. बावीस वर्षं धरलाय कॅमेरा. माझा हात म्हणजे स्टँड आहे, स्टँड."

त्याच दुपारी ते मला जिन्यात गाठून उभे राहिले. आवाज एकदम कोकणातला झाला होता.

"काय गो संचिता, त्या झुलीत हात आपोआप वर ऱ्हवता ना?"

"आपोआप नाही सर. भार कमी होतो."

"म्हणजे ऱ्हवता." त्यांनी इकडेतिकडे बघितलं आणि डावा हात पुढे केला. करंगळी आणि शेजारचं बोट ते मिटू शकत होते, पण आवळू शकत नव्हते. मी पेन दिलं, ते निसटलं. "दिवाळीपासून असं आहे. हात वर ठेवला की मुंग्या येतात, मग काही कळतच नाही. सरांना बोलू नकोस हां."

"मानेतली नस दबली असेल. तुम्ही मान दाखवून घ्या ना. तुम्ही हॉस्पिटलातच आहात."

"हॉस्पिटलात आहे म्हणूनच नाही दाखवत." ते चिडले. "पोपट माहीत आहे ना? थिएटरला टेक्निशियन होता. मणक्याचं निघालं. सर म्हणाले, आराम कर पोपट. आता खाली मेडिक्लेमच्या फायली लावतो. मी काय फायली लावू? डॉक्टर आहे मी."

भाग घेणाऱ्या माणसाची माहिती बाहेर सांगायची नाही, या नियमाने मला बांधलेलं होतं. मला त्यांची दया यायला हवी होती. पण पुढच्याच मिनिटाला ते वॉर्डात गेले आणि मान धरलेल्या एका वॉर्डबॉयला सगळ्यांसमोर म्हणाले, "काय रे उत्साहमूर्ती, वडे आणायचे का?" दया आतल्या आत विरली.

झूल अंगावर आल्यापासून चित्र हलायचं थांबलं. डावा हात स्प्रिंगवर असा विसावायचा, की खिडकीच्या कट्ट्यावर टेकलाय जणू. बोटं बधिर असली तरी तळवा आणि अंगठा कॅमेरा धरून ठेवत.

"अरे घाडी, आमचे वडे बंद केलेस तू," परचुरे म्हणायचे.

"सर, झूल-बिल निमित्त आहे. मूळ हात चांगला लागतो," घाडी म्हणायचे, आणि पडद्याकडे बघत असलेल्या माझ्याकडे मुद्दाम बघायचे नाहीत.

बाकी लोकांच्या नोंदींत काही दम नव्हता. परचुरे दोन ऑपरेशनं करून झूल काढून बसले, त्यात घाम येतो म्हणून. नंदा सिस्टरचे हात वेगवेगळ्या कामांत फिरत असतात, त्यांना स्प्रिंग उलट आडवी यायची. झुलीने खरा फरक पडत होता तो एकट्या घाडींना. वाघचौरे सर त्यांचे आलेख बघून खूश होते. कारण घाडींच्या हाताचं त्यांना माहीत नव्हतं. विचारलंही नव्हतं.

मग शोधनिबंध तपासणाऱ्या एका परदेशी परीक्षकाने लिहिलं, की फरक यंत्राने पडतो की यंत्र घातल्याच्या समजुतीने, हे कसं ठरवलंत? प्रश्न रास्त होता. सरांनी त्यावर उपाय काढला. काही दिवस स्प्रिंग आतून सोडवून ठेवायची. बाहेरून स्प्रिंगची डबी तशीच. घालणाऱ्याला कळता कामा नये, आणि मोजणाऱ्यालाही. म्हणून डबी सर स्वतः लॅबमध्ये बंद करून देणार.

"सर, त्यांना कळेल," मी म्हटलं. "हात उचलताक्षणी कळेल."

"संचिता, वापरणाऱ्याला कळत नाही हे आपलं गृहीतक आहे," सर म्हणाले. "गृहीतकाशी वाद घालायचा नसतो."

त्या गुरुवारी सर स्वतः थिएटरला हजर होते, टोपी-मास्क लावून, कोपऱ्यातल्या स्टुलावर. पेशंट कल्याणजवळच्या मोहने गावची एक बाई होती. पित्ताशय बरेच दिवस सुजलेलं, आजूबाजूला चिकटलेलं, म्हणजे वेळ लागणार हे नक्की. घाडी डॉक्टरांनी झूल चढवली, हात धुतले, नंदा सिस्टरनी वरून गाऊन घातला, हातमोजे चढवले. एकदा इतकं झालं की हात छातीच्या पुढे, हवेत. खाली न्यायचे नाहीत, कशाला लावायचे नाहीत, स्वतःचं नाकसुद्धा खाजवायचं नाही. आतली झूल बघायची तर सगळं उतरवून पुन्हा पहिल्यापासून.

घाडींनी डावा हात उचलला आणि ते थांबले. मास्कच्या वर त्यांचे डोळे मोठे झालेले मला दिसले. त्यांनी हात खाली-वर करून बघितला.

"आज हे चालत नाहीये," ते हळूच म्हणाले.

"डॉक्टर, चालतंय की नाही यावर बोलायचं नाही," कोपऱ्यातून सर म्हणाले. "तुम्हाला ते कळत नाही असं धरलेलं आहे."

"धरलेलं आहे म्हणजे? हात माझा आहे ना?"

"काय भानगड आहे, घाडी?" परचुऱ्यांनी सुरी हातात घेतली होती. "झूल उतरवायची आहे का? पुन्हा हात धुऊन येणार? पेशंटला सांगू का थांब म्हणून?"

घाडींना एवढंच म्हणायचं होतं, की सर, माझा हात दुखतो. तीन-चार शब्दांचं काम. बावीस वर्षांत ते त्या खोलीत कुणी म्हटलं नव्हतं.

"नाही सर. सुरू करू," ते म्हणाले.

पहिली पंधरा-वीस मिनिटं बरी गेली. मग पडद्यावर यकृताची तपकिरी कड किंचित कलली.

"घाडी, क्षितिज!"

क्षितिज म्हणजे चित्राची आडवी पातळी. चित्र सरळ झालं. पुन्हा कललं.

"घाडी, वडे!" परचुरे खुशीत म्हणाले. "बऱ्याच दिवसांनी. सिस्टर, ऐकलंत ना?"

"ऐकलं सर," नंदा सिस्टर म्हणाल्या. त्या पडद्याकडे बघत नव्हत्या. घाडींच्या कोपराकडे बघत होत्या. गाऊनची बाही थरथरत होती. कॅमेरा आतलं सगळं मोठं करून दाखवतो, तशी हाताची थरथरही मोठी करून दाखवतो. पडद्यावर त्या बाईचं पोट बोटीत बसल्यासारखं हेलकावत होतं.

"वडे दोन-दोन!" परचुरे म्हणाले. मग त्यांचा आवाज बदलला. "घाडी, स्थिर. आता मी नळीपाशी आहे. इथे नाटक नको."

नळीपाशी म्हणजे पित्ताची नळी. तिथे क्लिप लावायची आणि कापायचं. चुकीची नळी कापली तर त्या बाईचं आयुष्य नासतं. हे टेबलाभोवतीच्या प्रत्येकाला माहीत होतं. चित्र खाली घसरायला लागलं. हळूहळू, झोप लागलेल्या माणसाच्या मानेसारखं. नळी पडद्याच्या वरच्या कडेला गेली, अर्धी दिसेनाशी झाली. क्लिपचं हत्यार उघड्या तोंडाने तसंच थांबलं.

"घाडी!"

"सर, थांबा," घाडी म्हणाले. "कापू नका. माझा हात गेलाय."

"गेलाय म्हणजे?"

"कळत नाही मला हातात काय आहे ते. दिवाळीपासून जातोय. दुखतोय सर."

नंदा सिस्टरनी कुणाला न विचारता पुढे होऊन डाव्या हाताने कॅमेरा त्यांच्या मुठीतून काढून घेतला. बोटं एकेक करून सोडवावी लागली. चित्र वर आलं, नळी मधोमध आली. परचुऱ्यांनी क्लिप लावली, कापलं, पित्ताशय सोडवलं. बाई वाचली, अगदी ठणठणीत. दुसऱ्या दिवशी ती चहाबरोबर बिस्किट मागत होती.

घाडी उरलेला सगळा वेळ उजव्या हाताने चिमटा धरून उभे होते. डावा हात छातीशी, कुणा दुसऱ्याचा असल्यासारखा.

नंतर डॉक्टरांच्या खोलीत जे झालं ते मी जसंच्या तसं सांगते.

थिएटर पुसणाऱ्या तुळसाबाई दारातून डोकावल्या. "आज कोनाचं वडं हायत?"

परचुऱ्यांनी त्यांना हातानेच जायला सांगितलं.

वाघचौरे सर मात्र लॅपटॉप उघडून बसले होते आणि त्यांचा चेहरा सत्काराच्या व्यासपीठावर चढल्यासारखा उजळला होता. "हे बघा. हे बघा फरक! स्प्रिंग असताना सरळ रेष आणि नसताना... परचुरे साहेब, परीक्षकाची बोलतीच बंद. इतका स्वच्छ आलेख मी आयुष्यात बघितला नाही."

"सर, तो त्यांचा हात लुळा पडतानाचा आलेख आहे," मी म्हटलं.

"तेच तर," सर म्हणाले.

परचुऱ्यांनी चष्मा पुसला. ते शुद्ध, शांत मराठीत बोलायला लागले, म्हणजे निर्णय झाला होता. "उत्तमराव, हे मला आधी कळायला हवं होतं. आता आपण आराम करा. ओपीडीत बसा, केसपेपर बघा. माणसं आपल्याला मानतात."

इतकी वर्षं 'अरे घाडी' होतं. एका सकाळीत उत्तमराव आणि आपण. हकालपट्टीला इतके गोड शब्द मी दुसरीकडे ऐकलेले नाहीत. आधी कळायला हवं होतं म्हणे. तो हात दोन फुटांवर होता. वड्यांच्या पलीकडे बघितलं असतं तर दिसला असता.

घाडी उठले. मला वाटलं, चालले. ते माझ्यासमोर येऊन उभे राहिले.

"अगं इंजिनिअर, तू पहिल्या दिवशी वाचलेलंस ना? कधीपण बाहेर पडता येतं आणि सगळं परत मागता येतं?"

"हो सर."

"मग मी पडलो बाहेर. माझं सगळं परत दे. हा आजचा आलेख धरून."

वाघचौरे सरांचा हात लॅपटॉपवर तसाच राहिला. "डॉक्टर, असं कसं? तुमच्याशिवाय यात राहतं काय?"

"ते मला काय माहीत? मी अडाणी होमिओपॅथ." घाडी परचुऱ्यांकडे वळले. "सर, तुमचं नाव येणार ना याच्यावर? तुम्ही बोललेलात, जर्मनीला बोलावलंय वाचायला."

परचुरे पुन्हा चष्मा पुसू लागले.

"माझ्या मापाची झूल इथेच राहील," घाडी म्हणाले. "रोज. आतली स्प्रिंग लावलेली. आणि कॅमेरा माझ्याकडे. मग आलेख तुमचा."

"पण पेशंटच्या दृष्टीने..." परचुरे म्हणाले.

"साहेब, स्प्रिंग चालू असताना काहीच अडचण नाही," वाघचौरे सर घाईने म्हणाले. "आपला डेटाच तसं सांगतो!"

"आधी मानेचा एमआरआय करून घ्या, डॉक्टर," दारात उभ्या नंदा सिस्टर म्हणाल्या.

"करू की," घाडी म्हणाले.

"हो हो, तो करायलाच हवा," परचुरे म्हणाले. "सवडीने."

"अवश्य," वाघचौरे सर म्हणाले.

माणसाचे सांधे वाचवायला बनवलेलं यंत्र, सांधे गेलेत हे झाकायला कामी आलं, आणि त्या खोलीतले तिघेही डॉक्टर एकमेकांवर खूश झाले. मी आणि सिस्टरनी जिन्यात आणखी एकदा घाडींना सांगून बघितलं. मी माझी तक्रार विद्यापीठाच्या नैतिकता समितीलाही पाठवली. समितीच्या अध्यक्षांनी कळवलं, की सहभागी व्यक्ती समाधानी आहे. ते खरंच होतं. सहभागी व्यक्ती अतिशय समाधानी होती.

शोधनिबंध छापून आला. त्यात निळी रेष सपाट आहे आणि लाल रेष उतरत जाते, आणि खाली लिहिलंय की यंत्रामुळे थकवा लक्षणीय प्रमाणात कमी होतो. परचुरे जर्मनीला जाऊन आले, सगळ्यांना चॉकलेटं आणली. गणपतीत घाडी डॉक्टर गावी गेले तेव्हा छापलेला कागद बरोबर नेला होता. "परदेशात वाचला आमचा पेपर," असं त्यांनी पडवीत सांगितलं. या वेळचं 'आम्ही' तर पूर्ण खरं होतं.

मी ते काम सोडलं, पण निघण्याआधी झुलीच्या देखभालीला एकदा वर्तकनगरला गेले होते. घाडी डॉक्टरांनी पट्टे ताणून बघितले आणि म्हणाले, "स्प्रिंग अजून जरा कडक बसेल का?" ही त्यांची तिसरी मागणी होती. आधीच्या दोन वेळा वाघचौरे सरांनी स्वतः बसवून दिली होती.

"एमआरआय झाला?"

"दिवाळीनंतर."

कोणत्या दिवाळीनंतर, ते मी विचारलं नाही.

ऑपरेशन संपवून सगळे डॉक्टरांच्या खोलीत आले. चित्र एकदाही हललं नव्हतं. त्या दिवशी नवीन टेक्निशियनने जांभई दिली म्हणून वडे त्याच्याकडून होते. तुळसाबाईंनी कागद उलगडला, सगळ्यांनी हात घातला. "घ्या घाडी, दोन घ्या," परचुरे म्हणाले. घाडींनी उजव्या हाताने वडा उचलला, चटणीत बुडवला आणि तोंडात टाकून मोठ्याने हसले. डावा हात एप्रनच्या खिशात होता. खाताना डावा हात कुणी बाहेर काढत नाही, म्हणून त्याकडे कुणाचं लक्ष गेलं नाही.